कारकुनाने पुसलेली पेन्सिल

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबांनी तिचा भिंतीवरचा फोटो उतरवला, फडक्याने पुसला आणि कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून, उभा ठेवला. भिंतीवर एक फिकट चौकोन उरला. त्या आठवड्यात आमच्या घरातला सर्वांत बोलका चेहरा तोच होता.

"का उतरवलात?" मी विचारले.

"ती नाहीये ती," बाबा म्हणाले आणि भाजी निवडायला बसले.

बाबा फोटोग्राफर. बाजारातल्या एका गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता, आता तिथे मोबाइलची कव्हरे मिळतात. स्टुडिओत माणसे तीन. कॅमेऱ्यामागे बाबा, गल्ल्यावर, आणि गरज पडेल तेव्हा प्रकाश परतवणारा पांढरा पुठ्ठा धरून, आई, आणि खिडकीपाशी, उतरत्या काचेच्या डेस्कवर वाकलेली, रिटचिंग करणारी आत्या, बाबांची धाकटी बहीण. गिऱ्हाइके तिला पेन्सिलताई म्हणत. तिच्या अंगकाठीमुळे हे नाव कामाइतकेच शरीरालाही लागू पडे. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागते तिथे छापील चेहऱ्यावरची सावली उजळते. सुरकुती बुजते, वण निवतो. सुईसारख्या टोकाने आत्याने अर्ध्या गावाची वये कमी केली होती, आणि गावाने त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती.

स्टुडिओचा एक नियम होता. आत्याने कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, बाबांनी डेस्कला. एकदा पेन्सिल टेकली की निगेटिव्ह आत्याची; तिच्याकडे ठेवायची, आणि तिच्या कामाबद्दल बाबांनी अवाक्षर काढायचे नाही. आईचा फोटो बाबांनी एका मंदीच्या दुपारी काढला, उरलेली रंगीत फिल्म संपवायची म्हणून. मग ते एका लग्नाच्या कामाला परगावी गेले. परतले तेव्हा फोटो मोठा होऊन, चौकटीत बसून, भिंतीवर लागला होता, आणि त्यातल्या आईच्या चेहऱ्यावर पेन्सिल फिरली होती. बाबांनी नियम पाळला. तो त्यांनी आई असेपर्यंत पाळला.

"जिवंत होती तोवर चालून गेलं," भाजीचे देठ बाजूला काढत ते म्हणाले. "फोटो इकडे, ती तिकडे स्वयंपाकघरात. तुलना करायला माणूस होतं. आता सकाळी उठलो की तिचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. दुपारपर्यंत हा फोटोतला येतो आणि त्याच्यावर बसतो. दिवसेंदिवस लवकर येतोय. ह्याच्यात एवढी एक रेघ तिची आहे बघ, ओठाच्या डाव्या कोपऱ्यातली. बाकी सगळी तुझी आत्या."

दुसरा फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार. जुन्या फोटोंत आई म्हणजे पुठ्ठा धरलेली चार बोटे. पुढे फोन आले तेव्हा कोणी फोन समोर धरला की ती तळहात पुढे करायची. माझ्या धाकट्या भावाच्या फोनमध्ये तिच्या तळहाताचा उत्तम संग्रह आहे.

त्या रविवारी आत्या आली. बाबांनी चहा टाकला, कप तिच्यापुढे ठेवला. आत्याने भिंतीकडे पाहिले. मग कपाकडे. मग खांद्यावरून उतरवलेली पिशवी तिने पुन्हा खांद्यावर घेतली.

"तुझ्या बापाला सांग," ती मला म्हणाली, बाबा हाताच्या अंतरावर बसलेले असताना, "की असं काम आता पैसे देऊनही होत नाही."

"तुझ्या आत्याला सांग," बाबा म्हणाले, "की कामाबद्दल मी काही बोललेलो नाही."

"मग भिंत बोलली असेल," आत्या म्हणाली आणि गेली. चहावर साय धरली. त्यानंतर ती दोघे एकमेकांशी माझ्यामार्फतच बोलू लागली. मी एका पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांची वाक्ये चूक न करता पुढे पाठवण्याचा मला सराव आहे.

छापखान्यात फिल्मचा एक जुना स्कॅनर पडून होता. कोणीच वापरत नसल्यामुळे सर्वांच्या सह्या घेऊन तो मला घरी नेता आला. निगेटिव्ह स्कॅन करावी, पेन्सिलीचे काम कुठल्यातरी सॉफ्टवेअरने उतरवावे आणि बाबांना खालचा चेहरा द्यावा, एवढी साधी कल्पना होती. सॉफ्टवेअर कोणते, हे मी धाकट्याला फोनवर विचारले. तो दूरच्या शहरात असतो आणि प्रत्येक प्रश्नाला तयार असतो.

"ताई, विचारायचं काय त्यात? सगळे एकच वापरतात."

"कशासाठी वापरतात?"

"सगळ्यासाठी."

"मला एकाच गोष्टीसाठी हवंय."

"त्यात तीही असेल कुठेतरी."

पण आधी निगेटिव्ह मिळवायची होती. आत्याच्या खोलीत ते डेस्क अजून खिडकीपाशीच आहे. पेन्सिली खरकागदावर घासून, टोक वर करून पेल्यात उभ्या असतात. त्यांच्या शेजारी चहाचा कप ठेवताना जपावे लागते.

"कोणाला हवीय?" तिने विचारले.

"बाबांना."

"काच फुटली असेल तर काच बदला म्हणावं. चेहऱ्याला काही झालेलं नाही."

"त्यांना आईचा चेहरा बघायचाय, आत्या."

"मग मी काय शेजारणीचा टांगला होता?"

ती खिडकीबाहेर पाहू लागली. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादर झटकत होते; चादरीतून धूळ निघून उन्हात क्षणभर उभी राहिली आणि मग हवेचीच झाली. घरात सगळे म्हणत की आत्या आईला पाण्यात पाहते. आईच्या हातचे मीठ, आईचा आवाज, आईचे गिऱ्हाइकांशी हसणे, यांपैकी काहीही तिच्या तावडीतून सुटलेले नव्हते. तिने उठून एका पत्र्याच्या डब्यातून बटर पेपरची घडी काढली.

"यंत्राच्या हातात देतेय. तुझ्या बापाच्या नाही. आणि शेवटी काय ठरतंय ते मी येऊन बघणार."

अशा रीतीने तीन सॉफ्टवेअरांमधून निवड सुरू झाली. तिन्हींना मी मनात नावे दिली होती, कारण त्यांची खरी नावे मला लक्षात राहत नव्हती.

पहिले, धाकट्याने सुचवलेले, घरमालक. ते विकत मिळत नाही, महिन्याच्या भाड्याने मिळते, आणि भाडे थकले की तुमची खोली बंद. आत शिरल्यावर इतक्या खोल्या, इतके जिने, इतकी हत्यारे, की मी आईचा फोटो हातात घेऊन एका दालनातून दुसऱ्या दालनात हिंडत राहिले, परक्या गावी कचेरी शोधणाऱ्या माणसासारखी. त्यात सर्व काही करता येत होते, फक्त ते आपल्याला करावे लागत होते. पेन्सिलीखाली काय होते हे ज्याला माहीत आहे, त्याला ते पुन्हा रंगवता आले असते. मला माहीत असते तर घरमालकाची गरज नव्हती.

दुसरे म्हणजे मामी. मामीला काही विचारावे लागत नाही. तुम्ही दारात उभे राहिलात की ती हनुवटी धरून म्हणते, अगंबाई, काय ही दशा, आणि कामाला लागते. 'चेहरा पूर्ववत करा' असे एकच बटण होते. ते दाबल्यावर आईच्या पापण्या लांबल्या, गाल भरले, तोंडात नसलेली दातांची एक ओळ आली, आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्यातली ती एकुलती एक रेघही गेली. डोळ्यांत खिडकीचे प्रतिबिंब आले. ज्या खोलीत फोटो काढला तिला त्या बाजूने खिडकी नव्हती.

बाबा मागे येऊन उभे राहिले होते.

"ही विमा विकते का?" त्यांनी विचारले.

"नाही बाबा."

"विकेल."

तिसरे सॉफ्टवेअर कोणी सुचवले नव्हते. स्कॅनरच्या खोक्यातल्या पिवळ्या पडलेल्या कागदावर त्याचा पत्ता होता. एकच राखाडी खिडकी, बारीक अक्षरे, प्रत्येक गोष्टीपुढे एक चौकट आणि चौकटीत खूण करायची. हसणे नाही, स्वागत नाही. मी त्याला कारकून म्हणू लागले. पैसे भरीपर्यंत तो साफ केलेल्या प्रत्येक फोटोवर आडव्या अक्षरांत 'नमुना प्रत' असे छापत असे, आणि ते त्याने आईच्या कपाळावरच छापले.

कारकुनाकडे धूळ काढण्याची एक जुनी पद्धत होती. स्कॅनर फिल्मवर तीन रंगांचे प्रकाश सोडतो, आणि चौथा असा, जो डोळ्यांना दिसत नाही. रंगीत फिल्ममधले चित्र या चौथ्या प्रकाशाला दिसतच नाही. तो त्यातून काचेतून जावा तसा आरपार जातो. अडतो तो फक्त चित्राच्या बाहेरच्या गोष्टींशी: धूळ, केस, ओरखडा. जिथे तो अडेल तिथे किती अडला हे कारकून मोजतो, आणि तेवढी सावली मूळ फोटोतून वजा करतो. हे सर्व मी मदतीच्या पानावर नंतर वाचले. आधी मी फक्त धूळ बरीच आहे म्हणून खूण केली.

पडद्यावरची पट्टी सावकाश पुढे सरकली. आणि आई आली.

मला प्रथम वाटले, काहीतरी बिघडले. डोळ्यांच्या कडांना पंख्यासारख्या रेघा उघडल्या होत्या. दोन भुवयांच्या मध्ये, उधारीवर फोटो नेणाऱ्यांकडे पाहून पाहून पडलेली उभी घडी. नाकाशेजारी लहानपणच्या कांजिण्यांचा खळगा, ज्याच्यात बोट ठेवून मी लहानपणी झोपत असे आणि जो मी साफ विसरले होते. तोंडाच्या दोन्ही बाजूंचे कंस, जणू तिचे सगळे बोलणे कंसातले होते. मी खूण काढली. भिंतीवरची बाई परत आली. खूण केली, आई. ग्राफाइटचा कण आणि धुळीचा कण यांत कारकुनाला फरक करता येत नव्हता. आत्याची पेन्सिल त्याने कपडे झटकावेत तशी झटकली होती.

"बाबा," मी हाक मारली.

ते आले, खुर्ची ओढून बसले. त्यांनी हात पुढे केला. मला वाटले ते पडद्यावरच्या गालाला हात लावणार. त्यांनी पडद्याचा उजेड थोडा कमी केला.

"डाव्या बाजूला प्रकाश कमी पडला होता," ते म्हणाले. "मी तेव्हाही म्हणालो होतो. पुठ्ठा धरायला कोणी नव्हतं. धरणारी समोर बसली होती." थोड्या वेळाने: "कपाळावर काय लिहिलंय?"

"नमुना प्रत. पैसे भरले की जातं."

"राहू दे. खोटं नाहीये."

त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता. मग पडद्याच्या तळाशी आलेली ओळ त्यांनी मोठ्याने वाचली: "धूळ, ओरखडे आणि परकी वस्तू काढून टाकली."



"हे तिला दाखवू नकोस," बाबा म्हणाले.

"ती रविवारी येणार आहे. तसं कबूल करूनच निगेटिव्ह दिलीय."

"मग खूण न करता दाखव."

"आणि भिंतीवर?"

बाबांनी फिकट चौकोनाकडे पाहिले. एका बाजूला बायकोचा चेहरा होता, दुसऱ्या बाजूला बहीण, आणि मधे एक चौकट, जिच्यात खूण तरी करायची होती किंवा नव्हती. "बघू," ते म्हणाले. आमच्या घरात या शब्दाचा अर्थ नाही असाही होतो आणि हो असाही. कोणता, हे बहुधा आई ठरवत असे.

रविवारी आत्या आली ती भिंग घेऊन. चहा नको म्हणाली. पडद्यापाशी बसून तिने भिंग थेट आईच्या गालावर टेकवले आणि बराच वेळ पाहिले.

"हे नुसते ठिपके आहेत."

"लांबून बघायचं, आत्या."

"लांबून सगळेच बघतात." तरी ती मागे सरकली. पडद्यावर खूण न केलेला चेहरा होता, भिंतीवरचा, गुळगुळीत. तिची मान किंचित ताठ झाली. "बघ. कुठे हात दिसतोय का? रेघ कुठे संपली, त्वचा कुठे लागली, सांगून दाखव. सांग तुझ्या बापाला, दाखव म्हणावं."

बाबा खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. फोटोची वाट पाहणारी गिऱ्हाइके अशी बसत.

"खूण कर," ते मला म्हणाले.

"बाबा..."

"कर. तिचं काम आहे, तिला लपवून नको."

मी खूण केली. पट्टी सरकली. आई आली, रेघांसकट, खळग्यासकट, कपाळावर नमुना प्रत.

आत्याने खालची ओळ वाचली. ती मनात वाचते तेव्हाही तिचे ओठ हलतात.

"परकी वस्तू म्हणजे?"

"म्हणजे बाहेरून आलेली."

"मी?"

"पेन्सिल, आत्या."

"तेच ते." तिने भिंग पिशवीत टाकले. "तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा मी या घरात होते. बाहेरून कोण आलं, ते त्या तुझ्या यंत्राला नीट विचारून घे. दे माझी निगेटिव्ह."

बाबा उठले नाहीत. त्यांनी तोंड उघडले, आणि इतक्या वर्षांचा नियम तिथे आडवा आल्यासारखे पुन्हा मिटले. मी निगेटिव्ह काढण्यासाठी कारकुनाची खिडकी बंद करू लागले. पण कारकून काही विचारल्याशिवाय काही बंद करत नाही. त्याने एक चौकट पुढे केली. काय जतन करायचे: चित्र, काढलेला भाग, की दोन्ही? घाईत माझे बोट मधल्या ओळीवर पडले.

पडदा पांढरा झाला. त्या पांढऱ्यावर, राखाडी रंगात, एक चेहरा होता.

डोळे नव्हते. केस नव्हते, कान नव्हते, साडीचा काठ नव्हता. चौथ्या प्रकाशाला आई दिसतच नव्हती. त्याला दिसली होती फक्त आत्या. डोळ्यांच्या कडांचा पंखा होता, काडी काडी वेगळी. भुवयांमधली घडी होती. तोंडाचा उजवा कंस होता. नाकाशेजारचा खळगा होता, इतक्या बारीक स्वल्पविरामांनी भरलेला की तो भरणाऱ्याला त्याची खोली ठाऊक असली पाहिजे. आईच्या चेहऱ्यावरचे जे जे आत्याने झाकले होते, ते ते सगळे तिथे होते, आणि दुसरे काहीच नव्हते. मी रोज खुणांनी भरलेली पाने पाहते. हे पान असे होते की ज्यावरचा मजकूर कोणीतरी उचलून नेला होता आणि दुरुस्त्या तेवढ्या जागच्या जागी राहिल्या होत्या. आणि त्या दुरुस्त्यांवरून मूळ मजकूर अक्षर न् अक्षर वाचता येत होता.

बाबा उभे राहिले. चालत पडद्यापर्यंत आले.

"काय गं," ते म्हणाले, आणि हे ते मला म्हणाले नव्हते. "एवढं?"

आत्याने पिशवीचा बंद सारखा केला. "निगेटिव्ह लहान होती. वेळ लागतो."

"तू तर म्हणायचीस, वहिनीकडे बघवत नाही."

"बघवत नव्हतंच." ती अजून माझ्याकडेच पाहून बोलत होती. "पण भिंतीवर एवढी मोठी लागणार म्हणजे येणारा जाणारा बघणार. म्हणाले असते, फोटोग्राफरच्या घरात गावाला पेन्सिल आहे, हिच्यापुरती संपली. मी ते ऐकून घेतलं नसतं. तिला बोलायचं ते मी बोलेन. लोकांनी का बोलावं?"

छताच्या पंख्याने पडद्याच्या कडेला चिकटवलेला कागदाचा तुकडा हलवला आणि सोडून दिला. बाबा वाकून त्या राखाडी रेघा पाहत होते. त्यांचे बोट, पडद्याला न टेकता, डोळ्यापासून गालावरून खाली आले आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्यापाशी थांबले. तिथे काही नव्हते. नुसता पांढरा पडदा.

"इथे नाहीये," ते म्हणाले.

"काय नाहीये?" आत्या पुढे आली. तिने भिंग काढले, मग आठवण होऊन परत ठेवले.

"इथली रेघ. ती फोटोत तशीच आहे. तेवढी एकच आहे. ही का सोडलीस?"

"सोडेन कशाला मी?"

"मग?"

आत्याने त्या मोकळ्या जागेकडे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा तिला तिच्याच कामातली चूक दाखवली गेली होती, आणि तिला ती सापडली होती.

"राहिली," ती म्हणाली. "चहा घेऊन आली होती. मी म्हटलं, ठेव, ही डावी बाजू संपवते. म्हणाली, वन्सं, गार होतोय. दोनदा म्हणाली. मग ठेवली पेन्सिल. नंतर राहूनच गेलं."

कारकून तोच प्रश्न विचारत उभा होता: चित्र, काढलेला भाग, की दोन्ही.

"दोन्ही," बाबा म्हणाले. मग पडद्याकडे पाहतच, पण आत्याला उद्देशून: "तिचा चेहरा भिंतीवर लावतो. चालेल?"

"कपाळ पुसून लावा," आत्या मला म्हणाली. "आणि हा मला हवाय. डेस्कजवळ. मोठा नको, निगेटिव्हएवढाच."

पैसे भरल्याशिवाय जतन होणार नाही, असे कारकुनाने कळवले. मी कार्डाचे आकडे घालू लागले. बाबा काही न बोलता स्वयंपाकघरात गेले. भांडे ठेवल्याचा, पाणी ओतल्याचा, डब्याचे झाकण न निघाल्याचा आवाज आला. आत्याने पिशवी खांद्यावरून काढून खुर्चीला अडकवली.

"दादा," तिने आत हाक मारली, "साखर बेतानं. गेल्या वेळी पाक केला होतास."

"गेल्या वेळी तू प्यायलीच नाहीस," बाबा आतून म्हणाले.

"दिसत होतं," आत्या म्हणाली.